नवी रोपं आणण्याआधी बागेचा हिशेब मांडा

हंगाम संपत आला की बागेला एक ठरावीक कळा येते. टोमॅटोची खालची पानं करपलेली, वेलाचा मांडव अर्धा वाळलेला, एका कुंडीत नुसतंच तण, आणि मधेच एखादी मिरची मात्र अजून ऐन भरात. सगळं उपटावं, नवी माती भरावी, नवी रोपं आणावीत, असं नेमकं याच दिवसांत वाटतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की अजून आठ-दहा दिवस कशालाही हात लावू नका. ही अर्धमेली बाग म्हणजेच वर्षभराची नोंदवही आहे, आणि एकदा साफसफाई झाली की ती पुन्हा वाचायला मिळत नाही.

आपण हिशेब मांडतो तो बहुधा झाडांचा. कोणतं जगलं, कोणतं गेलं, कोणाला किती फळं लागली. पण एकाच कोपऱ्यात लागोपाठ तीन वेगवेगळी रोपं गेली असतील तर तिन्ही रोपं वाईट निघाली असं होत नाही. कोपऱ्यात काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून हिशेब जागेचा मांडायचा. ऊन कुठे किती, पाणी कुठे थांबतं, माती कशी झाली आहे, एवढं कळलं की पुढच्या हंगामात काय लावायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

आधी फक्त बघायचं

एक वही घ्या आणि बागेचा कच्चा नकाशा काढा. चित्र सुबक यायची गरज नाही, पण अंतरं मोजून घ्या: वाफ्याची लांबी-रुंदी, भिंतीची उंची, नळ कुठे आहे, मोठ्या झाडाचा घेर कुठवर येतो. प्रत्येक वाफ्याला आणि कुंडीच्या जागेला एक क्रमांक द्या. यापुढची प्रत्येक नोंद या क्रमांकावर करायची, रोपाच्या नावावर नाही. रोप बदलतं, क्रमांक बदलत नाही.

वर्षभर काही लिहून ठेवलं नसेल तर मोबाइलमधले फोटो काढून बसा. पहिलं फूल आलं म्हणून काढलेला फोटो, मावा पडला तेव्हा कोणाला तरी विचारण्यासाठी काढलेला फोटो, घरातल्या लहानग्याच्या मागे दिसणारा वेल. प्रत्येकावर तारीख असते. तासाभरात लावणी, पहिला बहर, पहिली कीड आणि शेवटची तोडणी यांच्या बऱ्याच तारखा हाती लागतात. आठवणीवर सोडलं तर आपण शेवटचा महिनाच सगळ्या हंगामावर पसरवतो. शेवटी भुरी पडून गेलेली काकडी आधीचे दोन महिने भरभरून देत होती, हे विसरूनच जातो.

उन्हाची मोजणी

एक निरभ्र दिवस निवडा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला नकाशावर खूण करा: थेट ऊन, पानांतून झिरपणारं ऊन, सावली. संध्याकाळी प्रत्येक क्रमांकापुढे थेट उन्हाचे तास मांडा. हा आकडा पाहून बरेच जण चकित होतात, कारण 'भरपूर ऊन येतं' असं ज्या जागेबद्दल आपण म्हणत असतो तिथे बऱ्याचदा चारच तास भरतात. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी अशा फळं देणाऱ्या पिकांना सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. पालक, कोथिंबीर, पुदिना तीन-चार तासांवर निभावतात.

एक गोष्ट मात्र हमखास निसटते. आज मोजलेलं ऊन आजच्या ऋतूचं असतं. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे २१ जून आणि २१ डिसेंबर या सुमारास दुपारच्या सूर्याच्या जागेत जवळपास ४७ अंशांचा फरक पडतो. दोन मीटर उंच भिंत धरा. सूर्य ४५ अंशांवर असताना तिची सावली दोन मीटर पडते. तो ३० अंशांवर उतरला की तीच सावली साडेतीन मीटरपर्यंत पोचते. म्हणजे उन्हाळ्यात लख्ख उजेडात असलेला वाफा हिवाळ्यात दिवसभर भिंतीआड जाऊ शकतो. शिवाय कर्कवृत्त आणि विषुववृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात उन्हाळ्यातले काही दिवस सूर्य दुपारी डोक्यावरून थेट उत्तरेकडे सरकतो. एरवी उन्हाचं नाव नसलेली उत्तरेकडची गॅलरी मग अचानक तापते आणि तिथली सावलीतली नाजूक रोपं करपतात. आखणी ज्या महिन्यांची करायची आहे त्या महिन्यांतले जुने फोटो शोधून सावल्या कुठवर येतात ते पाहा. सूर्याचा मार्ग दाखवणारी मोबाइल अ‍ॅपही या कामाला चांगली.

तासांबरोबर उन्हाची वेळही लिहा. सकाळचे चार तास आणि दुपारनंतरचे चार तास सारखे नसतात. पश्चिमेच्या भिंतीलगत माती संध्याकाळी उशिरापर्यंत गरम राहते, कारण भिंत दिवसभर प्यायलेली उष्णता नंतर सोडत बसते.

पाणी कुठे थांबतं, कुठे पळतं

पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक जागी बोट दोन पेरं खोल खुपसून बघा. वर कोरडं आणि आत गार, ओलसर, पण बोटाला चिखल नाही, हा वाफसा. मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळण्याची हीच स्थिती. कोणत्या जागी वाफसा येतो, कोणती जागा दुसऱ्या दिवशीही पचपचीत असते आणि कोणती आतपर्यंत कोरडी ठणठणीत, हे नकाशावर लिहा. वरची माती सुकलेली दिसते म्हणून आपण रोज पाणी घालत राहतो आणि खाली मुळं कुजत असतात. घरच्या बागेत पाण्याविना गेलेल्या रोपांपेक्षा जास्त पाण्याने गेलेलीच मी अधिक पाहिली आहेत.

जमिनीतला वाफा असेल तर निचऱ्याची एक साधी चाचणी करा. ३० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा आणि या वेळी पट्टी लावून तासाभरात पाणी किती उतरतं ते बघा. तासाला अडीच ते पाच सेंटीमीटर उतरलं तर ठीक. त्याहून कमी असेल तर तिथे वाफा जमिनीच्या वर उचलून घ्यावा लागेल. नुसतं खत घालून ते दुखणं जात नाही.

पाण्याचा अंदाज बांधायला एक सोपं माप लक्षात ठेवा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. रात्रभर उघड्यावर सरळ उभ्या कडांचं भांडं ठेवलं आणि सकाळी त्यात दहा मिलिमीटर पाणी दिसलं, तर प्रत्येक चौरस मीटरला दहा लिटर मिळाले. त्या दिवशी झारी उचलायचं कारण नाही.

उपटताना मुळं बघा

आता साफसफाईला हात घाला, पण घाई नको. बागेचा सगळ्यात खरा पुरावा मातीखाली असतो आणि आपण तो न बघताच फेकून देतो.

एका हंगामाअखेर माझ्या वाफ्यातली दोन वांगी वर्षभर खुरटलेली राहिली होती. खत घातलं, फवारलं, पाणी वाढवलं. दुपारी पानं माना टाकायची ती टाकायचीच. शेवटी एक झाड खुरप्याने सावकाश सोडवून काढलं आणि मुळं बादलीत बुडवून धुतली. तंतुमुळं जवळजवळ नव्हतीच. मुळांवर ठिकठिकाणी गाठी, काही मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या, एकमेकींत मिसळून हळकुंडासारख्या झालेल्या. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे मातीतले अतिसूक्ष्म कृमी. वर्षभर मी पानांवर उपचार करत होतो आणि दुखणं एक वीत खाली होतं. शेजारच्या चवळीची मुळं काढली तर तिथेही गाठी, पण त्या निराळ्या. नखाने हलकेच ढकलल्या की सुटून येत होत्या, आणि फोडल्यावर आत गुलाबी. त्या नत्र धरून ठेवणाऱ्या जिवाणूंच्या, रोपाच्या भल्याच्या. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती नखाने निघत नाही. हा फरक एकदा हाताला कळला की पुन्हा चूक होत नाही.

अशा गाठी सापडल्या तर ती मुळं कंपोस्टमध्ये टाकू नका. त्या क्रमांकावर पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी नको. कडक उन्हाचे दिवस पुढे असतील तर माती ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून, कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे ठेवा. किंवा तिथे एक संपूर्ण हंगाम झेंडू दाट लावा. चार रोपं शोभेला कडेने लावून उपयोग होत नाही, वाफा भरून लागतो.

कुंडीतलं झाड काढल्यावर मातीच्या गोळ्याकडे बघा. मुळं कुंडीच्या आकाराने गोल गोल फिरून तळाशी जाळी झाली असेल तर झाडाला जागा कमी पडत होती. मुळं तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची असतील तर पाणी साचत होतं. पांढरी, ताठ मुळं सगळ्या गोळ्यात पसरलेली दिसली तर त्या जागेचं गणित बरोबर आहे. तिथे काहीही बदलू नका, असं वहीत ठळक लिहा.

मातीची अवस्था

मूठभर माती काचेच्या उभट बरणीत घ्या, पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, दोन-चार तासांत, चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात. थरांची जाडी पाहून आपली माती कोणत्या बाजूला झुकते ते समजतं. उपाय मात्र दोन्हीकडे सारखाच, कुजलेलं सेंद्रिय खत: चिकण मातीला ते मोकळं करतं आणि रेताड मातीला ओल धरायला शिकवतं. चिकण मातीत नुसती वाळू मिसळायच्या फंदात पडू नका, बऱ्याचदा तिचा विटेसारखा घट्ट गोळा होतो. सामू, म्हणजे पीएच, तपासायची सोय असेल तर तपासा. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ मधला मानवतो.

कुंडीतली माती वर्षभरात चार बोटं खाली बसलेली दिसेल. ती कुठे गेली नाही, तिच्यातला सेंद्रिय भाग कुजून संपला. ही माती फेकू नका. मुळं काढून, ढेकळं फोडून, उन्हात वाळवा आणि तिच्यात पाव ते तृतीयांश भाग चांगलं कुजलेलं खत मिसळा. अपवाद मर रोगाने गेलेल्या रोपाच्या मातीचा. त्यात त्याच कुळातलं पीक पुन्हा नको. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरी खरड दिसली तर ती खतातल्या आणि पाण्यातल्या क्षारांची असते. नवीन लावणीआधी तळातून पाणी वाहून जाईल असं दोन-तीनदा भरपूर पाणी सोडून ती धुऊन काढा.

आता झाडांची पाळी

जागेचा हिशेब झाल्यावर प्रत्येक रोपाकडे वळा. जे घडलं ते लिहा आणि शेजारी जागेची नोंद ठेवून कारण शोधा.

झाड हिरवंगार, उंच, आणि फळ नाही? नत्र जास्त झालं किंवा ऊन कमी पडलं. त्या क्रमांकावर तासांचा आकडा काय लिहिलाय ते बघा. टोमॅटोची फुलं येऊन गळून जात असतील तर तारखा बघा. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या आसपास गेलं आणि रात्रीही गारवा नसला की परागकण निकामी होतात आणि फळ धरत नाही. हा खताचा प्रश्न नाहीच, लावणीची तारीख चुकली. फळाचा खालचा भाग काळा पडून खोलगट होत असेल तर फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे अनियमित पाणी: चार दिवस कोरडं, मग एकदम पूर. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची कमतरता, जी बऱ्याचदा सामू वाढल्यामुळे होते.

फुलझाडांत जास्वंद आणि मोगरा नव्या फुटव्यांवर फुलतात. वर्षानुवर्षं छाटणी न करता 'हल्ली फुलत नाही' असं म्हणत असाल तर उत्तर कात्रीत आहे. कलमी गुलाबाला जोडाच्या खालून जोमदार फांदी आली असेल तर ती मूळ खुंटाची. तिला पोसू नका, जिथून निघाली तिथून काढा.

तुमचा वेळही मोजा

एक आठवडा पाणी घालायला रोज किती मिनिटं लागतात आणि झारीच्या किती फेऱ्या होतात ते लिहा. लहान कुंड्यांची गर्दी हे घरच्या बागेतलं सगळ्यात थकवणारं दुखणं आहे. १५ सेंटीमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या कुंडीशी तुलना केली तर ३० सेंटीमीटरच्या कुंडीत आठपट माती मावते. ती हळू सुकते, मुळांना थंड ठेवते, आणि एक दिवस चुकला तरी झाड तग धरतं. टोमॅटोला कमीत कमी २० लिटरची कुंडी द्या. मात्र गच्चीवर किंवा गॅलरीत असाल तर वजनाचा विचार आधी: २० लिटरची कुंडी ओल्या मातीनिशी ३० किलोच्या घरात जाते. अशा दहा-बारा कुंड्या एका जागी मांडण्यापूर्वी बांधकामातल्या जाणकाराला विचारा आणि त्या भिंतीच्या, तुळईच्या आधाराने ठेवा.

काय राहणार, काय हलणार, काय जाणार

वहीत तीन रकाने पाडा आणि प्रत्येक झाड एका रकान्यात घाला. तिसरा रकाना जड जातो, मला माहीत आहे. जिवंत झाड काढायला हात होत नाही. पण दोन हंगाम कीड पोसणारं, सावलीत झुरणारं झाड शेजारच्या निरोगी रोपांनाही त्रास देतं. त्याला दुसरी योग्य जागा असेल तर हलवा, कोणी नेणार असेल तर देऊन टाका, दोन्ही नसेल तर काढा. रोगट नसेल तर कंपोस्टमध्ये जाऊन ते बागेतच राहतं.

हलवायचं असेल ते गार दिवसांत, ढगाळ हवेत किंवा संध्याकाळी. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या म्हणजे मातीचा गोळा सुटत नाही. नव्या जागी आठवडाभर सावली धरा. बहरात असलेलं झाड हलवू नका.

कागदावर लावणी

आता नव्या नकाशावर रोपं मांडा, आणि मांडताना रोपाचा आजचा नाही, पूर्ण वाढीचा घेर काढा. कंपासने वर्तुळं काढली की कागदच सांगतो, इथे चार नाही, दोनच मावतात. उत्तर गोलार्धात असाल तर उंच पिकं आणि वेल वाफ्याच्या उत्तर बाजूला, बुटकी दक्षिणेला, म्हणजे सावली एकमेकांवर पडत नाही.

गेल्या वर्षी त्या क्रमांकावर कोणतं कूळ होतं ते बघून फेरपालट करा. टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा हे सगळे एकाच कुळातले, त्यामुळे टोमॅटोच्या जागी वांगं लावलं तर ती फेरपालट होत नाही. शक्य असेल तर तेच कूळ त्या जागी तीन वर्षं येऊ देऊ नका. मधे शेंगवर्गीय पीक, पालेभाजी, वेलभाजी फिरवा.

तारखा उलट्या मोजा. टोमॅटोचं बी पेरल्यापासून रोप लावणीजोगं व्हायला चार ते सहा आठवडे, आणि लावणीपासून पहिलं फळ पिकायला साधारण ६० ते ८० दिवस. तीव्र उष्मा किंवा कडाक्याची थंडी कधी सुरू होते ती तारीख लिहा आणि तिथून मागे या. पालेभाजी एकदम न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा.

जुनं बी शिल्लक असेल तर दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवा. आठवडा-दहा दिवसांत सात-आठ उगवले तर बी वापरा, चार-पाच उगवले तर दाट पेरा, त्याहून कमी असेल तर नवीन आणा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत दम सोडतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकतं.

कामाचा क्रम

आधी न हलणाऱ्या गोष्टी: निचरा, वाफ्याची उंची, मांडव, पाण्याची सोय. वेल वर आल्यावर मांडव उभारायला गेलात की मुळं तुटतातच. मग माती आणि खत; खत मिसळून दोन-तीन आठवडे मुरू द्या. सगळ्यात शेवटी रोपं. आडोशात वाढलेली असतील तर आठ-दहा दिवसांत ऊन थोडं थोडं वाढवत न्या आणि मग लावा. लावणीनंतर पाच ते आठ सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब.

आणि एका जागी एका वेळी एकच मोठा बदल करा. क्रमांक ४ वर खत बदललं असेल तर तिथेच जात आणि पाण्याची पद्धतही बदलू नका, नाहीतर पीक सुधारलं तरी ते कशाने सुधारलं हे कळणार नाही. माझ्या बागेत मी प्रत्येक नव्या प्रयोगाशेजारी एक कुंडी मुद्दाम जुन्याच पद्धतीने ठेवतो. या हंगामात आच्छादनाची तुलना करायची आहे, म्हणून दोन सारख्या कुंड्या, सारखी माती, एकाच दिवशी लावलेल्या दोन मिरच्या. एकीवर पालापाचोळा, एक उघडी. दोन्हींच्या कडेला पट्टी खोचली आहे आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने क्रमांक आणि लावणीची तारीख लिहिली आहे. शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते.